हानयांगला न लागलेले ग्रहण

मेंग ह्योगनचे श्राद्ध अकराव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी येई, आणि दर वर्षी त्या दुपारी त्याच्या घरात तेच भांडण होई. पूजेच्या चौरंगावर उभा करायचा कागदी नामपट लिहायला त्याचा मुलगा दोक्सू बसे. शाई घोटून होईपर्यंत आई गप्प असे. कुंचला उचलला की तिचे सुरू होई.

"लिही, लिही. विद्यार्थी! दाढी पांढरी झाली होती त्यांची. तिकडे वर विचारत असतील, बाळ, कुठल्या शाळेत जातोस?"

"आई, मी काय करू? नियम आहे."

"नियम आहे म्हणे. नियमानेच मेले ते."

नियम असा, की ज्याने सरकारी पद सांभाळले त्याच्या नामपटावर पद लिहायचे. ज्याला जन्मभर काहीच मिळाले नाही, त्याच्या नावाआधी 'विद्यार्थी' लिहायचे, मग तो नव्वदीला का गेलेला असेना. मेंग ह्योगनने एकवीस वर्षे राजधानी हानयांगच्या ग्रहगणित कचेरीत गणकाची जागा सांभाळली. त्याने सांगितलेले चंद्रग्रहण कधी पळभर इकडेतिकडे झाले नाही. पण मरणाच्या अठरा दिवस आधी कचेरीच्या पटावरचे त्याचे नाव काळ्या शाईने खोडण्यात आले. खोडलेल्या माणसाला पद कुठले? म्हणून तेहेतीस वर्षे तो विद्यार्थी होता.

झाले होते ते असे. त्या वर्षी अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सूर्यग्रहण होते. आता ग्रहण म्हणजे राजाचे काम. सूर्याला डाग लागला म्हणजे राजाच्या वागण्यात कुठे तरी डाग आहे, असे धरतात. म्हणून सूर्याचा पहिला घास घेतला जाण्याआधी राजाने पांढरे कपडे घालून अंगणात यायचे, धूप लावायचा, ढोल सुरू करायला सांगायचे आणि सूर्य पुन्हा पुरा होईतो जागचे हलायचे नाही. वेळ सांगायची गणकाने. मेंग ह्योगनने सांगितलेल्या वेळेच्या अर्धी घटका आधीच सूर्य कुरतडला जाऊ लागला. राजा तेव्हा जेवत होता. अंगावर लाल झगा, हातात साराची वाटी, आणि डोक्यावर उष्टा सूर्य. दरबाराची नुसती पळापळ झाली.

चौकशी झाली, तीही जेमतेम एक दुपार. गणकाने कचेरीच्या पद्धतीनेच गणित केले होते हे कुणी नाकारले नाही. पण पद्धत दरबाराची. तिला चुकीची कोण म्हणणार? हात मात्र मेंग ह्योगनचा होता. गणिताच्या काड्या मांडताना त्याने हयगय केली, असे ठरले आणि ऐंशी फटके बसले.

दोक्सू तेव्हा अकरा वर्षांचा होता. गरम केलेल्या जमिनीवर पालथा पडलेला बाप त्याला आठवे. पाठीखालचे सगळे अंग काळेनिळे होऊन नासत चाललेले, आणि उजव्या हाताची बोटे चटईवर सारखी हलताहेत, जणू गणिताच्या बांबूच्या काड्या मांडताहेत. "बरोबर येतंय," तो पुटपुटे. "पुन्हा बरोबरच येतंय. मग चुकलं कुठे?" विसाव्या दिवशी बोटे थांबली.

खोडलेल्या माणसाच्या मुलाला गणकाची परीक्षा देता येत नाही. दोक्सूचे अक्षर मात्र देखणे होते, म्हणून त्याच कचेरीत नकलनवीस म्हणून त्याची वर्णी लागली. ज्यांनी बापाला मारले त्यांचीच पाने हा सुंदर अक्षरात उतरवत बसे. लोकांना वाटे, केवढा हा मनाचा मोठेपणा! मोठेपणा कसला, घरात तांदूळ लागतो. लग्न त्याचे झाले नाही. खोडलेल्या घरात मुलगी द्यायला कोण बसले आहे?

तो सदतिसाव्या वर्षात असताना कचेरीतल्या ग्रहणकोष्टकांची वही उंदरांनी खाल्ली. हे पुस्तक मूळ चीनच्या राजधानीतून आलेले. कचेरीत वापरात होती ती त्याची नकल, आणि नकलेची नकल. आता नवी प्रत हवी, म्हणून दोक्सूला कपाटातले मूळ पुस्तक काढून दिले. सहाशे पानांचे ते पुस्तक उतरवता उतरवता चारशे बाराव्या पानाच्या तळाशी त्याला मुंगीएवढ्या अक्षरातली एक ओळ दिसली. 'हे आकडे आमच्या शहरापुरते आहेत. इतर शहरांनी आपल्याकडची ध्रुवताऱ्याची उंची घेऊन ते नव्याने काढावेत.'

कचेरीतल्या नकलांमध्ये ही ओळ नव्हती. का नव्हती? कारण बारीक अक्षरातल्या टिपा उतरवायच्या नाहीत, असा कचेरीचा शिरस्ता होता. त्याने कागद वाचतो. हा शिरस्ता दोक्सूला पहिल्याच दिवशी शिकवण्यात आला होता आणि इमानदार नोकर या नात्याने त्याने तो पंधरा वर्षे पाळला होता. चीनच्या राजधानीत आणि हानयांगात सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळांमध्ये जेवढा फरक, तेवढा मिळवायचा की झाले गणित, असेच प्रत्येक गणक शिकत आला होता. मेंग ह्योगनही तेच शिकला होता.

दोक्सूने ती ओळ तीनदा वाचली. मग शिरस्ता मोडून त्याने ती एका चिटोऱ्यावर उतरवून घेतली.

पुढची सात वर्षे तो घरी बापाच्या काड्या चटईवर मांडून बसू लागला. त्या बांबूच्या काड्या आईने फडक्यात बांधून जपून ठेवल्या होत्या. मागताना त्याला वाटले होते ती नाही म्हणेल. तिने काही न बोलता आणून दिल्या. पण सहा वर्षे सरली तसा तिचा धीर सुटला. कोबी खारवण्याचे दिवस होते. परसात लोणच्या-आंबवणाच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, आणि ती मधोमध बसून कोबीच्या पानापानांत मीठ चोळत होती.

"काय शोधतोयस ते एकदा सांग तरी," ती म्हणाली. "का मी मेल्यावर माझ्या श्राद्धाला सांगणार आहेस?"

"तुला कळायचं नाही गं."

"सहा वर्षं तुला वाढतेय ते कळतं ना मला? मग हेही कळेल. बोल."

दोक्सूने बरणीचे एक मोठे झाकण भिंतीला टेकून उभे केले. टोपलीतला एक गोल मुळा घेतला, गणिताची एक काडी त्यात खोचली आणि झाकणापासून चार हातांवर जमिनीत रोवली.

"ते झाकण म्हणजे सूर्य. हा मुळा म्हणजे चंद्र. अमावस्येला चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो आणि त्याला झाकतो. ग्रहण म्हणजे एवढंच."

"म्हणजे कुत्री नाहीत?"

"कसली कुत्री?"

"काळोखाच्या देशातली. माझी आजी सांगायची, सूर्याला चावा घेतात आणि जीभ भाजली की सोडतात."

"कुत्री नाहीत. मुळा आहे."

"बरं, मुळा तर मुळा." तिने मिठाचा हात परकराला पुसला. "मग दर अमावस्येला का नाही होत?"

दोक्सूला जरा आश्चर्यच वाटले. हा प्रश्न कचेरीतल्या निम्म्या लोकांनी कधी विचारला नव्हता. त्याने काडी वर उचलली, मग खाली घेतली. "चंद्राची वाट जरा तिरकी आहे. बहुतेक अमावस्यांना तो सूर्याच्या वरून नाही तर खालून निघून जातो. दोघांच्या वाटा दोनच जागी एकमेकींना छेदतात. राहू आणि केतू म्हणतात त्या जागांना. अमावस्या नेमकी तिथे पडली तरच झाकलं जातं. आता सांग, तू बसलीस तिथून काय दिसतंय?"

"मुळ्याने झाकणाची कड झाकलीय. डावीकडची."

"आता तीन बरण्या पलीकडे सरक."

"कंबर धरलीय माझी."

"सरक गं."

ती कण्हत-कुंथत सरकली. "हं. आता झाकण सगळं दिसतंय."

"मुळा हलला का?"

"नाही. मी हलले."

हातातला कोबी तिने खाली ठेवला आणि आधी बसली होती त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली.

"म्हणजे पुस्तक लिहिणारा तिथे बसला होता," ती म्हणाली. "आणि हे इथे."

"हो."

"आणि तिथून जे दिसतं ते यांना इथलं म्हणून सांगायला लावलं."

"हो, आई."

"आणि फटके इथे पडले."

दोक्सूने मान हलवली. हानयांगच्या ध्रुवताऱ्याची उंची घेऊन त्याने बत्तीस वर्षांपूर्वीचे ते ग्रहण नव्याने मांडून पाहिले होते. उत्तर अर्धी घटका आधीचे येत होते. राजाच्या हातात साराची वाटी होती, नेमकी तीच वेळ. बापाच्या काड्या बरोबर होत्या, हात बरोबर होता, पुस्तकातली एक ओळ तेवढी कुणी उतरवली नव्हती.

"मग जाऊन सांग त्यांना," आई म्हणाली. ती रडत नव्हती. तिला घाई झाली होती. "मी एकाहत्तरची आहे. एकदा तरी त्यांचं पद लिहिलेलं बघू दे मला. मग मी मरायला मोकळी."

नुसते जाऊन सांगून कोण ऐकणार? पण पुढच्याच वर्षी दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सूर्यग्रहण येत होते. कचेरीच्या पद्धतीने सकाळी, ज्याला सापाचा प्रहर म्हणतात त्या वेळी, सूर्याचा एक दशांश भाग झाकला जाणार होता. दोक्सूच्या गणिताने चंद्र सूर्याच्या कडेला चाटून जाणार होता तो चीनच्या राजधानीत, दूर उत्तरेला. हानयांगात काहीही दिसणार नव्हते. सूर्य अख्खा राहणार होता. याहून चांगली परीक्षा कुठे मिळायची? त्याने टिपण लिहिले. हानयांगात ग्रहण दिसणार नाही, आणि तसे झाले तर याच पद्धतीने मेंग ह्योगनचे जुने प्रकरण पुन्हा तपासावे, अशी दोनच कलमे होती.

टिपण त्याने आधी बोंगसामला दाखवले. बोंगसाम गणक होता, दोक्सूहून दहा वर्षांनी लहान, हुशार, खुशालचेंडू, आणि कचेरीत दोक्सूला दादा म्हणणारा एकटाच. त्याने गणित सुरुवातीपासून तपासले आणि शीळ घातली.

"दादा, हे बरोबर आहे रे."

"मग सही कर ना माझ्याबरोबर."

"वेडा आहेस का? मला बायको आहे." तो हसला. पण डोळे हसत नव्हते. "चंद्रग्रहणाचं बरं असतं बघ. सावली पृथ्वीची, पडते चंद्रावर. ज्याच्या डोक्यावर चंद्र, त्याला ते दिसणार, सगळ्यांना एकसारखं. तिथे वाद नाही. सूर्याचं ग्रहण मात्र कोण कुठे उभा आहे ते बघतं. तू कुठे उभा आहेस ते बघ, दादा."

दोक्सू टिपण घेऊन प्रमुखांकडे गेला. प्रमुख योम हा गोड बोलणारा, मऊ हातांचा माणूस. बत्तीस वर्षांपूर्वी तो कचेरीत सर्वांत तरुण गणक होता, आणि मेंग ह्योगनच्या हाताखाली काड्या मांडायला शिकला होता. त्याने टिपण दोनदा वाचले.

"अक्षर काय सुंदर आहे तुझं!"

"साहेब, मजकूर..."

"मजकूरही सुंदर आहे. बस. भाताच्या खरपुडीचं गरम पाणी घे थोडं." त्याने स्वतः वाटी पुढे केली. "आता ऐक. ग्रहण होणार म्हणून सांगितलं आणि झालं नाही, तर कुणाची कातडी जात नाही. होणार नाही म्हणून सांगितलं आणि झालं, तर सगळ्यांची जाते. तुझ्या घरी हे मी वेगळं सांगायला नको. तेव्हा आपण सांगणार, की होईल."

"पण ते होणार नाही, साहेब."

"नको ना होऊ दे. मी कुठे अडवतोय?" योमने टिपण घडी घालून मसुद्यांच्या गठ्ठ्यात टाचले. "हे इथे राहू दे. दिवस येऊ दे, मग बघू."

'मग बघू' या शब्दांवर दोक्सू वर्षभर जगला. घरी जाऊन त्याने आईला ते सांगितले. आईने शेजारी सांगितले नाही, पण त्या वर्षी तिने नामपटासाठी चांगला जाड कागद आणून ठेवला.

दहाव्या महिन्याचा पहिला दिवस उजाडला तो लख्ख. आभाळात बोटभर ढग नव्हता. राजवाड्याच्या अंगणात सगळा दरबार पांढऱ्या कपड्यांत उभा होता. राजा चटईवर, सूर्याकडे तोंड करून. मागच्या रांगेत काळ्या शाईच्या पाण्याने भरलेले पितळी घंगाळ, आणि त्याच्याशी वाकून उभे तिघे, योम, बोंगसाम आणि वेळा टिपायला दोक्सू. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, पण शाईच्या पाण्यात तो शांत पडलेला असतो आणि त्याची कड बघता येते.

सांगितलेली वेळ झाली. ढोल सुरू झाले. शाईतला सूर्य गोल होता.

अर्धी घटका गेली. ढोलवाल्यांचे हात भरून आले. सूर्य गोलच. थंडी पडली होती तरी योमच्या कपाळावर घाम होता. एक घटका गेली. सूर्य सुटण्याची वेळही टळून गेली आणि शाईतल्या त्या गोलाची कड कुठेही, केसाएवढीही, मोडली नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याला एवढा आनंद कधी झाला नव्हता. बघा, त्याला ओरडून सांगावेसे वाटत होते, बघा, मुळा हललेला नाही, आपण इथे उभे आहोत! आता विचारतील, असे त्याला वाटले. ग्रहण का झाले नाही, असे आता कुणी तरी विचारणारच.

विचारले कुणीच नाही. पुढच्या रांगेतून एक म्हातारा मंत्री गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने कपाळ फरशीवर टेकले. "महाराजांच्या पुण्याईने!" त्याचा आवाज कापत होता. "महाराजांच्या पुण्याईने सूर्य वाचला! आभाळाने घास घ्यायला हात पुढे केला होता, महाराजांचं आचरण पाहून तो मागे घेतला!"

मग एकेक रांग खाली गेली. तीनशे माणसांनी कपाळे फरशीवर टेकली आणि एका तोंडाने राजाला दहा हजार वर्षांचे आयुष्य मागितले. घंगाळाशी उभा असलेला योम खाली गेला. बोंगसाम खाली गेला. सगळ्यात शेवटी दोक्सू खाली गेला. फरशी गार होती. त्याचे कपाळ तिच्यावर होते आणि तोंड आपोआप तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी योमने त्याला बोलावले. टिपण समोर उघडे होते.

"तुझं गणित बरोबर ठरलं," योम म्हणाला. "माझ्या आयुष्यात इतकं अचूक गणित मी पाहिलेलं नाही. तुझ्या बापाचंही नाही. हे इथे, या खोलीत सांगतो."

"मग साहेब, दुसरं कलम..."

"तुझं टिपण खरं धरलं तर काल सूर्य वाचला नाही. त्याला काही होणारच नव्हतं. महाराज उगाच थंडीत बसले. हे दरबारात मी सांगू, का तू सांगतोस?"



"मी वाईट माणूस नाही," योम म्हणाला, आणि वाईट माणसे हे वाक्य म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याने उठून जावे, पण नोकरमाणसाला उठता येत नाही. "महाराज खूश आहेत. जुन्या अपराध्यांना माफी जाहीर होतेय. यादी माझ्याकडे आहे. हे बघ, तुझ्या बापाचं नाव मी स्वतः घातलंय." त्याने कागद फिरवून समोर केला. मेंग ह्योगन, गणक, ग्रहणाच्या वेळेत केलेल्या चुकीबद्दल दंडित. महाराजांच्या कृपेने चूक माफ. पद परत.

"साहेब, चूक नव्हती."

"चूक नसेल तर माफी कशाची द्यायची? आणि माफी नाही तर पद कुठून येणार?" योमचा आवाज अजून मऊ झाला. "म्हातारी बहात्तरची ना? श्राद्ध पुढच्या महिन्यात. विचार कर. यादी उद्या जायचीय. हे टिपण, आणि घरी जे काही कागद असतील तेही, येत्या धुलाईत जाऊ देत. तुझ्याच हाताने गेलेले बरे."

दोक्सूने विचार केला. आईचे वय, तो जाड कागद, तेहेतीस वर्षांची ती दुपारची भांडणे, सगळे डोळ्यांसमोर आणले. खरे म्हणजे विचार त्याने कपाळ फरशीला टेकले तेव्हाच केलेला होता. तो हो म्हणाला.

हानयांगच्या वायव्य वेशीबाहेर ओढ्याकाठी मोठमोठे सपाट खडक आहेत. सरकारी कचेऱ्यांचे जुने मसुदे तिथे नेऊन धुतात. शाई वाहून जाते आणि कोरा झालेला कागद खालच्या अंगाला कागदवाले घेऊन जातात. काही वाया जात नाही. अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला दोक्सू आपला गठ्ठा घेऊन तिथे गेला. पाणी बर्फासारखे होते. पायजमा वर खोचून तो पोटरीभर पाण्यात उभा राहिला आणि सात वर्षे एकेक पान करून पाण्यात सोडू लागला. आकडे आधी फुगत, मग त्यांच्या शेपट्या निघत, मग पान स्वच्छ होई. बापाच्या ग्रहणाचे पान त्याने शेवटी ठेवले होते. ते धुताना त्याच्या बोटांना काही लागत नव्हते, इतकी ती बधिर झाली होती.

बोंगसाम मागून येऊन खडकावर उभा राहिला. काखेत रेशमाचा तागा होता. कचेरीतल्या प्रत्येक गणकाला बक्षीस मिळाले होते.

"अर्धा तुझा, दादा."

"मला नको."

"अरे, आईला शिवून दे काही."

"बोंगसाम," दोक्सू पाण्यात बघत म्हणाला, "तुला ते गणित आठवतं का रे? पुन्हा मांडता येईल तुला?"

बोंगसामने ओढ्याकडे पाहिले, तागा दुसऱ्या काखेत घेतला. "कुठलं गणित?" तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

विसाव्या दिवशी दुपारी दोक्सूने शाई घोटली. जाड कागद पुढे ओढला. आई मुगाची धिरडी घालत होती. ती आज काही बोलली नाही, म्हणून त्याने घाईघाईने लिहून टाकले. 'ग्रहगणित कचेरीचे गणक मेंग'. अक्षर फार सुंदर आले होते.

आई हात पुसत आली. तिला वाचता येत नव्हते. पण तेहेतीस वर्षे एकच आकृती पाहिलेल्या माणसाला ती बदलली की कळते.

"हे वेगळं आहे," ती म्हणाली.

"हो आई. पद आहे."

ती खाली बसली. तिने कागदाला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. केसांवरून हात फिरवला, पोलक्याची गाठ नीट केली, घरात कुणी मोठा माणूस आल्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कळलं एकदाचं. की हे बरोबर होते."

इथे दोक्सूला खोटे बोलता आले असते. एक 'हो' पुरला असता. ती सुखाने मेली असती आणि कुणाचे काही गेले नसते. त्याने तोंड उघडलेही. पण जन्मभर तो दुसऱ्याचे उतरवत आला होता. आपले म्हणून बोलायची त्याला सवय नव्हती.

"कागद दाखवलेस ना तुझे?" आईने विचारले.

"कागद धुतले."

"कुणी?"

"मी."

"मग पद कशाचं दिलं?"

"माफी दिली, आई. महाराजांनी."

"कशाची?"

"चुकीची."

बाहेर कुणाचे तरी कोंबडे ओरडत होते. आईने नामपट दोन्ही हातांनी उचलला, अगदी पूजेतल्यासारखा, आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ठेवला. जाड कागद होता, पेटायला वेळ लागला. दोक्सू पुढे झाला नाही.

"विद्यार्थी लिही," ती म्हणाली.

"आई, तेहेतीस वर्षं तूच तर..."

"लिही म्हणते ना. विद्यार्थ्याने निदान काही चूक केलेली नव्हती."

त्याने दुसरा कागद घेतला आणि लिहिले. हात थरथरला नाही, नकलनवीसाचा हात थरथरत नाही. आईने ओळखीची आकृती नीट निरखली आणि मान हलवली. मग तिने त्याच्यापुढे रिकामी ओंजळ धरली.

"आणि त्यांच्या काड्या दे," ती म्हणाली. "सगळ्या."

दोक्सूने आतून काड्या आणून तिच्या हातांत दिल्या. तिने त्या फडक्यात गुंडाळल्या, दोन गाठी मारल्या आणि धिरडे करपले होते ते उलटायला गेली.